गोळीतली खोगीरभरती

आपल्याकडे दुखणं एक असतं, गोळी एक असते, पण गोळीत औषधं तीन असतात. तिसरं कशासाठी, हे विचारायची पद्धत नाही. विचारलंत तर डॉक्टर घड्याळाकडे बघतात, मेडिकलवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतो आणि घरचे आपल्याकडे बघतात, की बाबा, घे गोळी आणि झोप गप. मी झोपत नाही. चष्मा लावून स्ट्रिपची मागची बाजू वाचत बसतो. वाचून झालं की कंबर बरी असते, डोकं उठलेलं असतं.

आमच्या गावात साखर कारखान्याच्या रस्त्यावर एका मित्राचं मेडिकल आहे. संध्याकाळी मी तिथे काउंटरच्या आत स्टुलावर ठाण मांडून असतो. हंगामात फडातून परतलेली माणसं येतात. दिवसभर कोयता चालवून आणि मोळ्या वाहून मान, पाठ, मनगटं गेलेली असतात. बाई पदराच्या गाठीतून नोट काढते आणि म्हणते, "दादा, कालचीच द्या, तांबडी. चार." कात्री चालते. दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून तिच्या हातावर पडतात. औषधाचं नाव राहतं सहाच्या तुकड्यावर. घटक तिथेच, तारीखही तिथेच. चारच्या तुकड्यावर उरतात तीन अर्धवट इंग्रजी अक्षरं आणि एक उभी तांबडी रेघ. ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नये, असा सरकारचा इशारा. बाईच्या लेखी ती नक्षी. काउंटरवरच्यांच्या लेखीही नक्षीच.

तिच्यामागे उभा असलेला मोटरसायकलवाला शिकलेला असतो. तो म्हणतो, "काका, साधी नको, जरा स्ट्राँग द्या." स्ट्राँग म्हणजे काय, हे आपल्या बाजारात ठरून गेलंय. त्याच औषधाचे मिलिग्रॅम वाढवले म्हणजे गोळी स्ट्राँग होत नाही. तिच्यात आणखी दोन नावं घुसवली की होते. नावापुढे एखादं इंग्रजी अक्षर, नाहीतर 'प्लस' लागला की गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश, कंपनी तर त्याहून खूश. नाखूश व्हायचा अधिकार फक्त जठर, यकृत आणि मूत्रपिंड यांना आहे आणि त्यांना बोलता येत नाही.

मिश्रण म्हटलं की मी अंगावर धावून जातो असा कुणाचा समज व्हायला नको. औषधं एकत्र करायला चांगली कारणं असतात आणि ती शास्त्राने मोजूनमापून दाखवलेली असतात. कंपवाताच्या रुग्णाला लेव्होडोपा देतात. ते मेंदूत पोहोचायच्या आतच शरीरात खर्च होऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा देतात. क्षयाच्या उपचारात एकाच औषधाला जंतू सरावतात म्हणून तीन-चार औषधं एका गोळीत घालतात, म्हणजे रुग्णाला त्यातलं एखादंच गाळता येत नाही. दुखण्याच्या गोळ्यांतही एक जोडी अशी खणखणीत आहे. आयबुप्रोफेन दुखऱ्या जागी सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाही. पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर काम करतं. दोघांच्या वाटा वेगळ्या. अक्कलदाढ काढल्यानंतरच्या वेदनेवर ही जोडी तपासली गेली, कॉक्रेन या संस्थेने त्या चाचण्या एकत्र मांडल्या. २०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल मिळून १०० पैकी सुमारे ७० जणांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली. औषध नसलेल्या नुसत्या गोळीने सुमारे ७ जणांची. याला म्हणतात मिश्रण. दोघं जण काम करतात, एकमेकांच्या पायात येत नाहीत आणि दोघांचा डोस आवाक्यात राहतो.

म्हणजे मिश्रण हा एक दावा असतो. हे एकत्र घेतल्याने एकेकट्यापेक्षा जास्त गुण येतो, किंवा अपाय कमी होतो, असा दावा. दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. जगभरची साधी रीत आहे ही. आपल्याकडे मात्र आधी गोळी बाजारात येते आणि पुरावा मागणारा वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो.

आता त्या तांबड्या गोळीच्या भाऊबंदांपैकी एकीची मागची बाजू वाचू. गावोगावच्या मेडिकलमध्ये ही हमखास असते: ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, सेरॅशिओपेप्टिडेज १५ मिलिग्रॅम. पहिलं औषध डायक्लोफेनॅकच्या कुळातलं. ते प्रोस्टाग्लँडिन अडवतं, म्हणून सूज आणि ठणका कमी होतो. पण जठराच्या आतल्या अस्तराचं ॲसिडपासून रक्षण करणारी आणि मूत्रपिंडाला रक्तपुरवठा राखणारी द्रव्यंही प्रोस्टाग्लँडिनच आहेत. गोळीला गुडघ्यातलं प्रोस्टाग्लँडिन कोणतं आणि पोटातलं कोणतं हे कळत नाही. ती सगळ्यांनाच अडवते. म्हणून उपाशीपोटी ही घेतली की जळजळ होते, रोज घेतली की व्रण होतो, आणि दिवसभर घाम गाळून शरीरातलं पाणी आटलेलं असताना घेतली की मूत्रपिंडावर संक्रांत येते. फडातल्या बाईचं शरीर नेमकं त्याच अवस्थेत असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रक्तदाबाची गोळी चालू असते, लघवी जास्त व्हायची गोळी चालू असते, त्यात वर ही. या तिघींनी मिळून मूत्रपिंड बंद पाडलं, तर मेडिकलवाला म्हणणार, वय झालं होतं हो.

दुसरं पॅरासिटामॉल. त्याच्याशी माझं भांडण नाही, त्याचा हिशेब पुढे करतो.

तिसरं सेरॅशिओपेप्टिडेज. यात मात्र बहार आहे. हे रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या एका जिवाणूपासून मिळवलेलं एन्झाइम, म्हणजे एक प्रथिन. प्रथिन पोटात गेलं की पचतं. म्हणून त्यावर आवरण घालून ते आतड्यापर्यंत न्यायचं, तिथून ते अख्खंच्या अख्खं रक्तात शिरणार, रक्तातून वाट काढत सुजलेल्या गुडघ्याशी जाणार आणि तिथली सूज पातळ करणार, अशी ही कथा. हे औषध जपानमध्ये जन्मलं. त्याच जपानमधल्या ताकेदा कंपनीने ते पुन्हा नीट तपासलं, तेव्हा औषध नसलेल्या गोळीपेक्षा ते सरस ठरेना. कंपनीने २०११ मध्ये आपण होऊन ते बाजारातून काढून घेतलं. माहेरी ज्याला दार बंद झालं, त्याला आपल्याकडे सासर मिळालं. दात काढला, घ्या. पाय मुरगळला, घ्या. ऑपरेशन झालं, घ्या. गुण आला तर तो पहिल्या दोघांचा. पैसे मात्र तिघांचे.

एखाद्याला वाटेल, मी वाईटातलं वाईट उदाहरण निवडलं. छे! वाईटातलं वाईट पाहायचं असेल तर केंद्र सरकारने १० मार्च २०१६ रोजी बंदी घातलेल्या ३४४ मिश्रणांची यादी काढून वाचा. विनोदी साहित्यात तिचा समावेश व्हायला हरकत नाही. निमेसुलाइड आणि डायक्लोफेनॅक: दोघंही एकाच कामाचे. दोन घेतल्याने वेदना दुप्पट थांबत नाही, अपाय मात्र एकावर एक चढतो. निमेसुलाइड, सेटिरिझिन आणि कॅफीन: सेटिरिझिन डोळ्यांवर झापड आणणार, कॅफीन ती उडवणार. डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट: कंबर धरली, थोडा ताप आहे, नाक वाहतंय आणि पित्तही झालंय, अशा सर्वगुणसंपन्न रुग्णाची वाट पाहत ही गोळी कारखान्यातून निघाली होती. ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि रॅबेप्रॅझोल: आधी पोट जाळायची सोय, त्याच गोळीत पोट शांत करायची सोय. आता ॲसिक्लोफेनॅक दिवसातून दोनदा घ्यायचं असतं आणि रॅबेप्रॅझोल सहसा एकदाच, तेही जेवणाआधी. मग ही गोळी किती वेळा आणि केव्हा घ्यायची? याचं उत्तर गोळीला माहीत नाही, कारण ते बनवणाऱ्यालाच माहीत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

एका गोळीत बांधलेल्या औषधांची ही मूळ अडचण आहे. एकाचा अंमल सहा तास, दुसऱ्याचा बारा. रुग्ण साठ वर्षांचा, चाळीस किलोचा. एकाचा डोस निम्मा करायचा, तर दुसऱ्याचाही निम्मा होतो. अंगावर पुरळ उठलं, तर तिघांतला गुन्हेगार कोण? डॉक्टर तिघांनाही बंद करतात आणि पुढच्या आजारात पेशंट सांगतो, मला पेनकिलर चालत नाही. कोणती, ते त्याला कधीच कळलेलं नसतं. लेबलवर लिहिलेलं होतं म्हणाल, तर कात्रीचा किस्सा वर सांगितलाच आहे.

आता पॅरासिटामॉलचा हिशेब. निरोगी मोठ्या माणसाने २४ तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, ही मर्यादा. समजा ताप आलाय. डॉक्टरांनी तापाची ६५० ची गोळी दिली. नाक चोंदलंय म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली. तिच्यात पॅरासिटामॉल ५००. अंग ठणकतंय म्हणून बायकोने तिची कंबरदुखीची गोळी पुढे केली, तिच्यात ३२५. एका वेळचे झाले १४७५, दिवसातून तीनदा म्हणजे ४४२५. बिचाऱ्याने ताप, सर्दी आणि अंगदुखी अशा तीन निरनिराळ्या गोळ्या घेतल्या, असं त्याला वाटतंय. खरं तर एकच औषध त्याने तीन नावांनी घेतलं. पॅरासिटामॉलचा थोडा अंश यकृतात विषारी होतो आणि यकृतातलं ग्लुटाथिओन त्याला निकामी करतं. ग्लुटाथिओन संपलं की यकृताच्या पेशी मरायला लागतात. जो जेवलेला नाही, जो रोज पितो, त्याच्याकडे हा साठा आधीच कमी. म्हणजे ज्याला अंगदुखीची गोळी सगळ्यात जास्त लागते, त्याचं यकृत सगळ्यात उघडं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये चिठ्ठीवरच्या मिश्रणांत पॅरासिटामॉल ३२५ च्या वर नको, असं बजावलं ते याचसाठी. कागदावर आपणही तोच आकडा धरला. पण एका गोळीतला आकडा कमी करून काय उपयोग, जेव्हा दर दुसऱ्या गोळीत तेच औषध लपलेलं असतं?

आणि कॅफीन? डोकेदुखीच्या गोळीत कॉफी कशाला? याला थोडं शास्त्र आहे, थोडंच. १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅफीन वेदनाशामकासोबत घेतलं तर १०० मध्ये ५ ते १० जास्त लोकांना चांगला आराम पडतो, असं कॉक्रेनचाच आढावा सांगतो. सॅरिडॉनच्या गोळीत पॅरासिटामॉल २५०, प्रोपिफेनाझोन १५० आणि कॅफीन ५० मिलिग्रॅम असतं. म्हणजे एका गोळीत आढाव्यातल्या आकड्याच्या निम्मं. बरं, या उपकाराची किंमत काय? डोकेदुखीचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्यात गोळ्यांच्या अतिवापराने होणाऱ्या डोकेदुखीचं वेगळं प्रकरण आहे. एकच औषध असलेली साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ घेत राहिलं तर हा धोका मानतात. मिश्र गोळीसाठी तीच मर्यादा १० दिवसांवर येते. म्हणजे डोकं दुखतं म्हणून गोळी, गोळीमुळे डोकं, पुन्हा डोक्यासाठी गोळी. धंद्याच्या दृष्टीने याहून चोख योजना कुणाला सुचेल?

ही योजना जुनी आहे. ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन या त्रिकुटाने विसाव्या शतकात अर्ध्या जगाची डोकी बरी केली. ऑस्ट्रेलियात तर याच्या पुड्या बेक्स या नावाने घरोघर होत्या. दमलेल्या गृहिणीने चहाबरोबर पुडी घ्यावी आणि जरा आडवं व्हावं, अशी रीतच पडली. कॅफीनने तरतरी यायची, म्हणून पुडी रोजची झाली. फेनासेटिनने मूत्रपिंडं सडायला लागली. मेलबर्नच्या डॉ. प्रिसिला किंकेड-स्मिथ या मूत्रपिंडतज्ज्ञ बाईंनी हा धागा जोडून दाखवला आणि त्यासाठी आवाज उठवला, तेव्हा कुठे सत्तरच्या दशकात फेनासेटिन पुड्यांतून हटलं. आपल्याकडे त्यावर बंदी आली २३ जुलै १९८३ रोजी. त्याच आदेशात आणखी दोन गमती होत्या: वेदना आणि सूज उतरवणाऱ्या औषधांत जीवनसत्त्वं मिसळायला बंदी, आणि वेदनाशामकांत ॲट्रोपिन घालायला बंदी. म्हणजे हे सगळं तोवर राजरोस विकलं जात होतं.

डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीनची कथा आणखी काळी. अफूच्या गोत्रातलं हे औषध पॅरासिटामॉलबरोबर मिसळून ब्रिटनमध्ये खूप खपायचं. जीव देणाऱ्यांच्या हाती ते सहज लागतं, असं दिसल्यावर ब्रिटनने २००५ मध्ये ते काढून घ्यायचं जाहीर केलं. आपल्याकडे पोटदुखीच्या कॅप्सूलमध्ये ते आणखी आठ वर्षं राहिलं. ईशान्येकडच्या राज्यांत व्यसनी मुलं त्या कॅप्सूल फोडून भुकटी पाण्यात कालवून शिरेत टोचत होती, हातापायांना गळवं होत होती. २०१३ मध्ये बंदी आली. तोवर ट्रामाडॉल त्याच्या जागी येऊन बसायला तयार होतं. २०१८ मध्ये त्यालाही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावं लागलं.

मग ही मिश्रणं करतात तरी का? कारणं शास्त्राच्या पुस्तकात शोधू नका, हिशेबाच्या वहीत शोधा. साधं पॅरासिटामॉल जीवनावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं. रुपया-दोन रुपयांत गोळी. त्यात कोणी कंपनी काय कमावणार? शेकडो कंपन्या तेच औषध बनवतात, म्हणजे एमआरने, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीने, डॉक्टरसमोर बसून सांगायचं तरी काय? पण त्यात दुसरं मिसळलं की मिश्रण यादीबाहेर जातं आणि यादीची कमाल किंमत त्याला लागत नाही. २०१३ च्या किंमत आदेशाने ही फट बुजवायचा प्रयत्न केला. यादीतल्या औषधात भर घालून नवं मिश्रण काढणाऱ्याने सरकारकडून किंमत ठरवून घ्यावी, असं सांगितलं. पण यादीबाहेरच्या औषधाची किंमत दरसाल १० टक्क्यांनी वाढवायची मुभा त्याच आदेशात आहे. तिसरं औषध घातलं की आणखी एक नाव, आणखी एक चकचकीत पत्रक, आणखी एक स्कीम. दहा पाकिटांवर एक फुकट. गुणाचा मक्ता कंपनीकडे नाही, तेव्हा नावाचा घेतला.

परवानगी कोण देतं? १९८८ पासूनचा नियम सांगतो की पहिल्यांदाच एकत्र येणारी औषधं म्हणजे नवं औषध, आणि त्याला दिल्लीची मंजुरी लागते. पण कारखान्याचा परवाना राज्य देतं. मग कंपन्या राज्यांकडे गेल्या आणि राज्यांनी दिल्लीला न विचारता मिश्रणांनाही परवाने वाटले. मे २०१२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने ५९ व्या अहवालात यावर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात सूज-वेदना उतरवणाऱ्या औषधांची १२४ मिश्रणं आपल्या बाजारात सापडली. त्यांपैकी केंद्राच्या मंजुरीची नोंद मिळाली फक्त ३४ ची. बाकीच्या ९० जणी बिनमंजुरी मिरवत होत्या आणि त्या विकणारे कुणी फुटपाथवरचे भोंदू नव्हते. टायबांधे होते.

बंदीचा इतिहास तर सापशिडीला लाजवेल. डॉ. चंद्रकांत कोकाटे समितीच्या अहवालावरून २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली. कंपन्यांनी शेकडो याचिका घेऊन दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. मिश्रणं चांगली आहेत असं तिथे सिद्ध झालं नाही. सरकारने कायद्यातल्या सल्लागार मंडळाला विचारलं नव्हतं, म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये बंदी रद्द झाली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण त्याच मंडळाकडे पाठवलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या समितीने पुन्हा एकेक मिश्रण तपासलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं पुन्हा बंद झाली. मूळ यादीतून १५ आधीच बाजूला काढली गेली होती, कारण आपण १९८८ च्या आधीपासून बाजारात आहोत, असं त्यांच्या मालकांचं म्हणणं होतं. वा! म्हातारपण हाही पुरावा झाला. फेनासेटिनही जुनंच होतं की.

पुढे जून २०२३ मध्ये आणखी १४, ऑगस्ट २०२४ मध्ये १५६. या शेवटच्या यादीत पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल, टॉरिन आणि कॅफीन यांची एक चौकडी आहे. टॉरिन म्हणजे एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर वाचायला मिळतं ते. अफूसारखी गुंगी आणि वर एनर्जी ड्रिंक, तेही औषध म्हणून. त्याच यादीत ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ यांची जोडी आहे. लक्षात घ्या, ५० आणि १२५ ची. बंदी अशी मिलिग्रॅम मोजून येते, आणि कंपनी दुसरे मिलिग्रॅम मोजायला मोकळी राहते.

हे सगळं आजच उघडकीला आलं असंही नाही. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्येच ११७ औषधांवर देशाची बहुतेक गरज भागते, असं सांगितलं होतं. पुण्याच्या डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातल्या औषधांचा पुरवठा आणि वापर तपासून १९९८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अखिल भारतीय औषध कृती नेटवर्कचे कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. माहितीची कमतरता कधीच नव्हती. कमतरता लाजेची आहे.

आता हरकती ऐकू. पहिली हरकत: "पेशंटला तीन गोळ्यांऐवजी एक घ्यावी लागते, सोय आहे." तीनपैकी दोनच लागत असतील, किंवा एकच लागत असेल, तर ही सोय कुणाची? दुसरी: "गरिबाला स्वस्त पडतं." गरिबाला साधी पॅरासिटामॉल स्वस्त पडते. लागलं तर अन्नाबरोबर आयबुप्रोफेन, तेही चार-पाच दिवस, हेही स्वस्तच पडतं. डायलिसिस स्वस्त पडत नाही. तिसरी हरकत सगळ्यात लाडकी: "पण गुण येतो ना?" येतो की! तीन औषधांपैकी एक खरं असेल तर येणारच. गावजेवणात एकाने स्वयंपाक केला आणि वाढायला दहा जण उभे राहिले, म्हणून दहाही आचारी ठरत नाहीत. चौथी हरकत डॉक्टरांची: "साधी गोळी लिहून दिली की पेशंट दुसरीकडे जातो." जाऊ द्या. पेशंट टिकवायला औषध लिहायचं असेल, तर भिंतीवरच्या पदवीच्या शेजारी दरपत्रकही लावा.

लेबलचा नियमही असाच तिरपागडा. २०१८ पासून औषधाचं मूळ नाव ब्रँडपेक्षा किमान दोन आकारांनी मोठं छापायचं बंधन आलं. चांगलं झालं. पण तीन किंवा जास्त औषधांच्या मिश्रणांना त्यातून सूट! जिथे वाचण्यासारखं सगळ्यात जास्त, तिथलीच अक्षरं सगळ्यात बारीक. जागा पुरत नाही म्हणे. अहो, जागा पुरत नसेल तर औषधं कमी करा.

मी काय मागतो ते सांगतो. वेदनाशामकाचं प्रत्येक मिश्रण आपल्यातल्या एकेकट्या घटकाशी लढून सरस ठरल्याशिवाय बाजारात नको. जुनं आहे म्हणून एकालाही सवलत नको. मंजूर मिश्रणांची यादी, प्रत्येकाच्या पुराव्यासकट, मराठीत आणि सगळ्यांना दिसेल अशी हवी. घटकांची नावं देवनागरीत, स्ट्रिपच्या प्रत्येक कप्प्यामागे छापलेली हवीत, म्हणजे कात्रीने चार गोळ्या कापल्या तरी चारींवर नाव राहील. आणि तोवर तुम्ही-आम्ही काउंटरवर तीन प्रश्न विचारायचे: यात काय काय आहे? यातलं मला काय लागतं? माझ्या चालू गोळ्यांत यातलं आधीच काही आहे का? उत्तर नाही मिळालं, तर नोट खिशात ठेवून साधी पॅरासिटामॉल मागायची.

नवं औषध माणसांवर तपासायचं असेल तर त्या माणसाला समजावून सांगून त्याची लेखी संमती घ्यावी लागते, नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. कायदाच आहे तसा. न तपासलेलं मिश्रण थेट दुकानात ठेवलं, की तपासणी आमच्यावरच होते, फक्त संमती लागत नाही, भरपाई लागत नाही, आणि वर पैसेही आम्हीच मोजायचे. दुखणं आमचं आहे, शरीर आमचं आहे. प्रयोग करायचाच असेल तर आधी आमची सही घ्या, आणि पैसे तुम्ही द्या.